मामाच्या मागून मामा

हातातलं काम अर्धवट टाकून उठायचं का?
(१) कधीच नाही
(२) जमलं तर
(३) हाक आली की लगेच
माहिती हवी असेल तर प्रश्नचिन्ह दाबा.

?

माहिती अशी. कर्नल म्हणजे लॅपटॉपच्या आतला कारभारी. पडद्यावर आपल्याला खिडक्या, बटणं, चित्रं दिसतात. हा दिसत नाही. कुणाला प्रोसेसर द्यायचा, किती वेळ द्यायचा, कुणाला थांबवायचं, सगळं तो ठरवतो. साधा कारभारी भला असतो, पण हातातलं काम संपल्याशिवाय मान वर करत नाही. वाय-फाय बघत असेल तर वाय-फायच बघणार. तेवढ्यात दारात आवाज येऊन उभा राहिला तर म्हणेल, थांब जरा. पण आवाजाला थांबता येत नाही. तो सांडतो. सांडला की रेकॉर्डिंगमध्ये 'कट्' असा बारीक आवाज उमटतो, काचेवर नख मारल्यासारखा.

माझ्या मामाच्या रेकॉर्डिंगमध्ये असे ढीगभर कट् होते.

मामा चष्मे करतो. खाली दुकान, वर घर, मधे इतका अरुंद जिना की उतरणाऱ्याला चढणाऱ्याचा मूड सांभाळावा लागतो. बोलताना मामा अडतो. सगळ्याच अक्षरांवर नाही. 'म' आणि 'च' त्याच्याशी विशेष वाईट वागतात, आणि तो मामा आहे आणि चष्मेवाला आहे. टॅक्सीवाल्याला तो पत्ता कागदावर लिहून दाखवतो. दुकानात गिऱ्हाइकांशी मामी बोलते. घरात आम्ही सगळे त्याचे शब्द पुरे करतो, जेवताना कुणाकडे मीठ सरकवावं तितक्या सहज.

मास्तर हे मामाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांचा नंबर वाढत गेला तशा मामा काचा जाड करत गेला, आणि गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की आता काचेने होण्यासारखं काही उरलेलं नाही. मास्तरांनी शेवटचा चष्मा काउंटरवर आणून ठेवला. म्हणाले, "फ्रेम चांगली आहे रे, कुणाला तरी बसव." त्या दिवशी मामा जेवला नाही, असं मामी सांगते. मामी थोडं वाढवून सांगते, पण यात वाढवलेलं नसावं.

गावात... गाव म्हणा, शहर म्हणा, बस बदलून जावं लागतं इतक्या अंतरावर अंध वाचकांसाठी बोलकी पुस्तकं करणारं एक ग्रंथालय आहे. त्यांना घरी बसून पुस्तकं वाचून देणारे लोक हवे असतात. आधी नमुना पाठवायचा, तो पास झाला तर पुस्तक मिळतं. मास्तर तिथले सभासद झाले होते. आणि मामाने तिथे वाचक म्हणून नाव दिलं.

आमच्याकडे कुणी हसलं नाही. सगळे एकदम कामाला लागले, म्हणजे इकडची वस्तू तिकडे ठेवू लागले.

मामाने दुकानाच्या मागच्या खोलीत बसून नमुना रेकॉर्ड केला. कानाला हेडफोन, समोर माइक, भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या जुन्या गाद्या. मामी दाराला कान लावून होती. "एकदाही नाही गं अडला," ती मला फोनवर म्हणाली, "एकदाही..." आणि तिला पुढे बोलता येईना, तेव्हा तिचं वाक्य मी पुरं केलं.

प्रत्येकाने आपापलं कारण लावलं. मामी म्हणाली, बंद खोली. माझी आई म्हणाली, मास्तरांबद्दलची माया. मी म्हणाले, समोर माणूस नाही ना.

मग ग्रंथालयाच्या बाईंचं उत्तर आलं. वाचन उत्तम, आवाज ऐकत राहावा असा. पण मधे मधे खडखड आहे, अशी फाइल वाचकांना देता येत नाही. प्रत्येकाला दोनच नमुने पाठवता येतात. दुसरा महिनाअखेरपर्यंत पाठवा. तोही असाच आला तर नाइलाज आहे.

म्हणून मला बोलावणं आलं. मी एका कंपनीत सर्व्हर सांभाळते, त्यामुळे नात्यातल्या प्रत्येक बिघडलेल्या यंत्रावर माझा हक्क आहे. एकदा माझ्याकडे शिलाई मशीनही पाठवलं होतं. मामा मला खटपटे म्हणतो.

उत्तर: ३.


रविवार सकाळ

"मामी, कर्नल बदलावा लागणार."

"आमच्यात मिलिटरीत कुणी नाही."

"लॅपटॉपमधला गं."

"अगं बाई, तिथे पण साहेब असतात? मग जेवायला एक जण वाढला म्हणायचा."

मागच्या खोलीत फ्रेमच्या खोक्यांची रास, एक खुर्ची आणि ती गाद्यांची भिंत. मी खुर्चीत बसले, हेडफोन चढवले आणि माइकमध्ये आकडे म्हणायला लागले.

एक दो एक न ती दो न न चा ती र न पा

माझा आवाज माझ्या मागून येत होता. मी 'दोन' म्हणायच्या बेतात असायची तेव्हा कानात 'एक' पोचायचा, आणि जीभ बिचारी कुणाचं ऐकू म्हणून मधेच लोळायची. मी माझं नाव सांगून पाहिलं. तेही सांगता येईना. मामी दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती.

"मामा, तू *यात* वाचतोस?"

"ह... हो."

"अरे, आपलंच बोलणं आपल्याला शिळं करून वाढतंय हे! मी आयुष्यात कधी अडखळले नाही, माझी बोबडी वळली. तू कसं वाचलंस?"

"र... राहू दे की ते. फक्त ख... ख..."

"खडखड घालवू. आणि हेही घालवू."

"ते र... राहू दे."

मामा भिडस्त आहे. हॉटेलात गार चहा आला तरी पितो. मला वाटलं, हाही गार चहाच.

का होतं ते सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. आवाज बादलीने भरतात. माइकमधून आलेला आवाज बादलीत गोळा होतो, बादली भरली की कारभारी येऊन ती उचलतो आणि पलीकडे ओततो, तेव्हा तो कानात पडतो. बादली मोठी घेतली तर कारभाऱ्याला फेऱ्या कमी, पण भरेपर्यंत वेळ जातो, म्हणून आवाज उशिरा. लहान घेतली तर आवाज लगेच, पण कारभारी क्षणभर जरी कुठे रेंगाळला तरी सांडासांड. मामाची बादली भली मोठी होती आणि कारभारी इतका सुस्त की तरीही सांडत होतं. दोन्हीकडून तोटा.

मला हवा होता हाकेसरशी उठणारा कारभारी. असा कर्नल विकत आणायचा नसतो; हजारो प्रश्नांची उत्तरं देऊन आपल्याला हवा तसा घडवून घ्यायचा असतो.


विजेची बचत करायची का?

नाही. प्रोसेसरने डुलकी घेतली की जागा व्हायला वेळ लागतो.

("वीज वाचवू नका म्हणणारी ही पहिलीच पोरगी बघितली," मामी.)

वाय-फायची सोय ठेवायची का?

नाही. सगळ्यात जास्त गप्पा मारणारा तोच.

ठोका सेकंदाला किती वेळा?

जास्तीत जास्त देता येतील तितके ठोके. दर ठोक्याला कारभारी मान वर करून बघतो.

ब्लूटूथ?

नाही.

कॅमेरा?

नाही.

जॉयस्टिक?

"ती काय असते?" मामीने विचारलं. "खेळायची दांडी." "राहू दे मग. मामाचा काय भरवसा." नाही.

माइकच्या हाकेला सगळ्यांच्या आधी उठायचं का?

हो. सगळ्यांच्या आधी. माउसच्या आधी, पडद्याच्या आधी, माझ्याही आधी.

उत्तरं संपली आणि कर्नल घडायला लागला. पडद्यावर ओळींवर ओळी धावत होत्या. लॅपटॉप तापला, पंखा ओरडायला लागला. मामीने त्याच्याखाली चष्म्याच्या दोन रिकाम्या केस सरकवल्या आणि वहीने वारा घातला. मामाने दुकानातून येऊन दोनदा डोकावून पाहिलं. दुसऱ्यांदा त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली आणि गेला.

दुपारी नवा कर्नल उठला. त्याची परीक्षा घेतली. त्याला लाखो हाका मारायच्या आणि सगळ्यात उशिरा तो कधी उठला तेवढंच बघायचं. सरासरीला इथे कुणी विचारत नाही. लाखातून एकदा झोपून राहणारा कारभारी तेव्हाच आवाज सांडतो. हा एकदाही झोपला नाही. मी बादली लहान केली, आणखी लहान केली, वाटीएवढी केली. हेडफोन चढवले.

एक दोन तीन चार पाच.

तोंडातून निघाला तिथेच कानात. एकही कट् नाही. मला स्वतःचा अभिमान वाटला, आणि मी तो सगळ्यांना पुरेल इतका दाखवला.

मामा बसला. ग्रंथालयाने दिलेला उतारा मधमाश्यांवर होता. त्याने श्वास घेतला.

"म... म... म..."

थांबला. हसला. "तू आ... आहेस म्हणून."

मी बाहेर आले, दार लावून घेतलं आणि मामीच्या शेजारी उभी राहिले. आतून काही ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, गाद्या जाड आहेत. बऱ्याच वेळाने मामा बाहेर आला आणि त्याने अंगठा वर केला.

"ए... एकदम मस्त."

मी खूश होऊन घरी गेले.


फोन, मामीचे

एक.
"तुझा कर्नल आल्यापासून मामा वाचत नाही."
"म्हणजे?"
"खोलीत जातो, दार लावतो, बाहेर येतो. विचारलं तर म्हणतो, घसा बसलाय. चष्मेवाल्याचा घसा कशाने बसेल? काम सगळं डोळ्यांचं."

दोन.
"काल मास्तर येऊन गेले. विचारत होते, काय रे, पाठवलास का? मामा नुसता त्यांची छत्री उघडमीट करत बसला. महिना संपत आला गं."

तीन.
"आज वाचत होता! दाराशी उभी होते मी. पाण्यासारखं. तुझ्या तोंडात साखर पडो."
"मी कुठे काय बोलले?"
"मग माझ्या तोंडात."

मी अर्धी रजा टाकून निघाले. नमुना आपल्या हाताने पाठवायचा, असं मनात होतं.


दार बंद होतं आणि आत मामा वाचत होता. मी त्याला इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आवाज त्याचाच, पण त्याच्या आवाजाला पायऱ्या असतात आणि ह्याला उतार होता. मधमाशी पोळ्यापासून कितीही लांब गेली तरी... मामी आणि मी शेजारी शेजारी उभ्या होतो आणि तिने माझं मनगट धरलं होतं.

तो बाहेर आल्यावर मी आत गेले, फाइल उघडली, हेडफोन लावले.

मधमाशी पोळ्यापासून कट् कितीही लांब कट् कट् गेली तरी

माझा कर्नल असं करत नाही.

मी लॅपटॉपला त्याच्या कारभाऱ्याचं नाव विचारलं. जुन्याचं नाव आलं. नवा बसवला तरी जुना काढायचा नसतो. नवा रुसला तर अडचणीला असावा म्हणून. लॅपटॉप सुरू होताना काळ्या पडद्यावर दोघांची नावं एकाखाली एक येतात. आपण काही केलं नाही तर नवा उठतो. जुना हवा असेल तर त्या दोन-चार सेकंदांत बाणाचं बटण दाबून खाली यावं लागतं. जुना उठला की त्याची भली मोठी बादलीही परत येते. पण तो आपोआप उठत नाही. त्याला कुणीतरी मुद्दाम उठवावं लागतं.

"मामा."

मामा दारात होता. काच हातातून पडली की होतो तसा चेहरा.

"तू जुन्याकडे जातोस?"

"त... तुला क... कळतं?"

"ऐकू येतं ना."

मामी म्हणाली, "चोरून? ह्या वयात? माझ्या घरात राहून?"

मामा हसला, पण तेवढ्यापुरतंच. मग खुर्चीत बसला आणि बोलायला लागला. त्याला वेळ लागला. मी एकही शब्द पुरवला नाही, मामीनेही नाही. तो असं बोलला:

नव्यात

मी एकटा असतो.

तोंड उघडलं की मी, कानात पण मीच, एकदम. दुकानात असतो तसा.

जुन्यात

मी बोललो की मागून

कुणीतरी

तेच म्हणतं.

ताई करायची तसं. शाळेत असताना. माझ्या पाठीशी बसून माझाच धडा वाचायची, माझ्या जरासं मागून. मग अडायचं नाही.

तू एवढं राबलीस. कसं सांगणार.

ताई म्हणजे माझी आई. तिने हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, बहुधा तिला ते सांगण्यासारखं काही वाटलं नसावं.

मी फोनवर शोधून वाचलं. अडखळणाऱ्या काही माणसांना त्यांचाच आवाज किंचित उशिरा ऐकवला तर जीभ मोकळी होते, आणि न अडखळणाऱ्याची मात्र त्यानेच जीभ बांधली जाते. सगळ्यांना लागू पडत नाही, आणि का पडतं यावर जाणकारांचं एकमत नाही. मी मामाला वाचून दाखवलं. मला वाटलं, त्याला आनंद होईल.

त्याने हेडफोन मांडीवर घेतले, त्यांच्याकडे बघत राहिला.

"म... म्हणजे तो मी न... नव्हतो."

"कोण?"

"व... वाचणारा. ते य... यंत्र होतं."

हे मला सुचलंच नव्हतं. बंद खोली, मास्तरांची माया, आमची सगळी कारणं निदान मामाला मामा राहू देत होती.

मामी म्हणाली, "मी तुझा चष्मा लावून सुई ओवते. ओवते का नाही?"

"ओ... ओवतेस."

"मग सुई कोण ओवतं, तू?"

मामा हेडफोनची वायर बोटाला गुंडाळायला लागला.

"इतकी वर्षं ब्लाउज शिवले मी. सगळे तू शिवलेस म्हणायचे?"

"ब... बाह्या तरी," मामा म्हणाला.

"ह्याच्या जिभेला हाड नाही, अडते तेच बरं आहे," मामी म्हणाली आणि चहा टाकायला वर गेली. जिन्यात थांबून तिने नाक पुसलेलं आम्हाला दोघांना ऐकू आलं.


दोन कारभारी आहेत. एक खडखडतो, एक अडखळवतो. परवा शेवटचा दिवस. कोणता उठवायचा?

?

(बराच वेळ माहिती आली नाही.)

?

रिअल टाइम कर्नल, म्हणजे मी घडवलेला हा हाकेसरशी उठणारा, तो जलद असतो असं सगळे समजतात. मीसुद्धा त्या रविवारी तशीच वागले होते. खरं म्हणजे तो जलद नसतो, वेळेवर असतो. सांगितल्या क्षणी हजर. तो क्षण आत्ताचा असो की जरा नंतरचा, त्याला फरक पडत नाही. चुकवायचा नाही एवढंच त्याला कळतं. जुन्या कर्नलचा उशीर हा त्याचा आळस होता. आळसाला माप नसतं. प्रत्येक कट् झाला की मागून येणारा आवाज थोडा इकडेतिकडे सरकायचा, आणि मामाच्या जुन्या फाइली मी पुन्हा ऐकल्या तेव्हा लक्षात आलं, तो जिथे जिथे दाराबाहेर कळणार नाही इतका बारीक चाचरला होता तिथे नेमका आधी एक कट् होता.

म्हणून नवाच उठवला. माइकचा आवाज सरळ फाइलमध्ये, स्वच्छ, काही न करता. आणि त्याचीच एक वाट फोडून हेडफोनकडे वळवली, वाटेत एक उशीर बसवला. मुद्दाम केलेला, मापातला.

माप किती, ते मला माहीत नव्हतं.

"बस मामा. हे बघ. हे बरं?"

मामाने एक ओळ वाचली. "जरा ज... जवळ आहे."

"आता?"

"म... मधमाशी पोळ्यापासून... हं. हे बरं."

"आणि हे?"

"लांब ग... गेलं. आधीचं."

"हे, की हे?"

मामा ओळ वाचता वाचता मधेच थांबला आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, अडला. तो हसत होता. आयुष्यभर त्याने लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत हेच विचारलं होतं, बहुतेक वेळा नुसत्या बोटाने.

"हसू नकोस, हनुवटी टेकव," मी म्हणाले. "हे, की हे?"

"दोन्ही स... सारखंच वाटतं."

"नीट सांग. असं कुणी सांगितलं की तू काय करतोस?"

"च... चिडतो."

"मग?"

त्याने डोळे मिटले. "पहिलं."

"हे?"

"मधमाशी पोळ्यापासून कितीही लांब गेली तरी परतीची वाट तिच्या अंगात असते. वाऱ्याने ती थोडी बाजूला ढकलली जाते, फुलांवर थोडी रेंगाळते, पण दिवस मावळायच्या आत..."

तो थांबलाच नाही. उतारा संपला तरी पान उलटून पुढचं वाचत राहिला, पुढे पुस्तकाची किंमत आणि छापखान्याचा पत्ता होता, तेही त्याने मोठ्याने आणि भावपूर्ण वाचलं. मी आकडा बघितला. सत्तर मिलिसेकंद. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

हे माप साठवून ठेवायचं तर त्याला नाव द्यावं लागतं. प्रोग्रॅमने नाव विचारलं, मामाने दोन बोटांनी टाइप केलं: ताई.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "एवढा मोठा झाला तरी माझ्याशिवाय धडा वाचता येत नाही," आणि मग जरा वेळाने, "त्याला म्हणावं पान उलटताना श्वास घेत जा. तेव्हाही विसरायचा."

नमुना मामाने दार लावून, एकट्याने रेकॉर्ड केला आणि वाय-फायसाठी जुन्याला उठवून स्वतः पाठवला. त्यात एके ठिकाणी, 'मोहोळ' शब्दावर, तो अडला आहे. छोटंसंच. माप काही जादू नाही. मी म्हटलं, तेवढं कापून देते, कळणारही नाही. मामा म्हणाला, न... नको.


पुढच्या आठवड्यात मी दुकानात होते तेव्हा फोन वाजला. मामाच्या हातात फ्रेम होती, ती तो गरम हवेवर धरून वाकवत होता, म्हणून मामीने फोन काउंटरवर ठेवून स्पीकर सुरू केला.

"ग्रंथालयातून बोलतेय. नमुना पाठवणारे वाचक आहेत का?"

मामी बोलायला पुढे झाली. मामाने मान हलवून तिला थांबवलं.

"ब... ब... बोल..."

"हॅलो? आवाज तुटतोय तुमचा. हॅलो?"

"बो..."

"लाइन खराब दिसतेय. असं करा, जे वाचतात ना, त्यांना फोन द्या. त्यांच्याशीच बोलायचंय मला."

दुकानात एक गिऱ्हाईक होतं, आरशात बघून फ्रेम लावून पाहणारं. तेही थांबलं. मामीचं तोंड उघडं होतं, शब्द तयार होता, मला दिसत होता तो. माझाही तयार होता. मामाने फ्रेम धरलेला हात वर केला, आम्हा दोघींसाठी.

"म..."

कानात कुणी नव्हतं. कर्नल मागच्या खोलीत बंद होता.

"म... म..."

बाई हॅलो म्हणाल्या नाहीत या वेळी. त्यांच्याकडचा पंखा ऐकू येत होता.

"म..."

मी मोजलं नाही.

"मी," मामा म्हणाला. "मीच व... वाचलंय."

मग बाई म्हणाल्या, जरा जपून, "नमुन्यात तर तुम्ही..."

"व... वाचताना क... कानात सोबत असते. ब... बोलताना न... नसते."

"सोबत म्हणजे? दुसरं कुणी वाचतं तुमच्याबरोबर?"

"मीच. ज... जरासा मागून."

बाईंनी यावर विचार केलेला ऐकू आला. कागद उलटे-सुलटे झाले. "नियमात त्याबद्दल काही नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "आवाज एकाचाच आहे ना फाइलमध्ये?"

"ए... एकाचाच."

"मोहोळावर थांबलात जरा."

"ह... हो."

"चालेल. पास आहात. पहिलं पुस्तक कुठलं घ्याल? माझ्याकडे यादी आहे, वाचून दाखवू?"

"न... नको." मामा कपाळावरचा घाम पुसत होता, चष्म्याच्या फ्रेमने. "म... मास्तरांना विचारून क... कळवतो."

फोन बंद झाला. हातातली गरम, मऊ फ्रेम तेवढ्यात मुठीत दाबली जाऊन कमानीसारखी वाकली होती. मामाने ती आमच्यापुढे धरली, आता ही कुणाच्या नाकावर बसणार म्हणून, आणि काउंटरवर टाकून चपला घालायला लागला.

"आत्ता? गिऱ्हाईक आहे दुकानात," मामी म्हणाली. "थांब, मीही येते. मास्तरांना सगळं नीट सांगावं लागेल."

"तू न... नको."

"का?"

"म... मी सांगतो."

तो गेला. मामी दारात उभी राहून तो कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिली, आणि मग तक्रार करावी तशा आवाजात मला म्हणाली, "ऐकलंस? मला नको म्हणाला."

"ऐकलं."

"सरळ तोंडावर!"

गिऱ्हाइकाने विचारलं, ही फ्रेम बरी दिसते का. मामी त्याच्याकडे वळली, म्हणाली, "हो, छान दिसते," आणि मग पुन्हा म्हणाली, "छान दिसते," तेव्हा तिचं फ्रेमकडे लक्षच नव्हतं.